टी-शर्टवरच्या त्रिकोणामागे काय आहे? ‘द डार्क साइड ऑफ द मून’ समजून घेताना

ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी म्युझिक या कंपनीने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क विकत घेतले. हा व्यवहार सुमारे 40 कोटी डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण 3,300 कोटी रुपयांचा असल्याचे वृत्त तेव्हा जगभर छापून आले. गाणी रचल्याबद्दलचे हक्क त्यात नव्हते. विकले गेले ते मुद्रित झालेले आवाज, बँडचे नाव आणि त्या नावाशी जोडलेली चित्रे. आता पिंक फ्लॉइडचे एकही गाणे न ऐकलेल्या माणसालाही त्यांतले एक चित्र ओळखीचे असते. काळ्या पार्श्वभूमीवर एक त्रिकोण, डावीकडून त्यात शिरणारा पांढरा किरण आणि उजवीकडून बाहेर पडणारा रंगीत पट्टा, असे ते चित्र कॉलेजच्या मुलांच्या टी-शर्टवर सर्रास दिसते. ते ज्या आल्बमचे मुखपृष्ठ आहे, तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च 1973 मध्ये बाजारात आला. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय आल्बमांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर राहिला अवघा एक आठवडा, पण 1973 ते 1988 या काळात त्याने त्या यादीत एकूण 741 आठवडे काढले आणि आजवर त्याच्या साडेचार कोटींहून अधिक प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज केला जातो.

पन्नास वर्षांपूर्वीच्या 43 मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात असे काय आहे, हा प्रश्न बँडच्या चाहत्यांना पडत नाही आणि इतरांना विचारायला संकोच वाटतो. शिवाय नाव चंद्राचे, चित्र प्रकाशशास्त्राचे आणि आत ऐकू येतात नाणी, घड्याळे व कुणाचे तरी हसणे, त्यामुळे हे प्रकरण उगाच गूढ वाटू लागते. प्रत्यक्षात या आल्बमचा विषय अगदी साधा आहे. साध्या माणसाला रोजच्या जगण्यातल्या कोणत्या गोष्टी वेडाच्या काठापर्यंत नेऊन सोडतात, एवढाच तो विषय.

संकल्पना आल्बम म्हणजे काय?

त्या काळची मोठी तबकडी, म्हणजे एलपी, दोन बाजूंची असे आणि प्रत्येक बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. बहुतेक बँड दहा-बारा सुटी गाणी गोळा करून या दोन बाजू भरत. याउलट सगळी गाणी एकाच विषयाभोवती रचलेली असली, तर त्या तबकडीला ‘संकल्पना आल्बम’ म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला हा फरक दिवाळी अंकाच्या उदाहरणाने चटकन कळेल. काही दिवाळी अंकांत कथा, कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य असे सगळे एकत्र नांदते, तर काही संपादक एकच विषय ठरवून त्यावर दहा जणांकडून लिहून घेतात. ‘डार्क साइड’ हा दुसऱ्या प्रकारचा अंक आहे. त्यात कथानक नाही, नायक नाही, पहिल्या गाण्यात सुरू होऊन शेवटच्या गाण्यात संपणारी गोष्ट नाही. विषय मात्र एकच आहे आणि एका बाजूवरची गाणी एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की एक कुठे संपले हे सांगणे कठीण व्हावे.

हा विषय ठरला 1971च्या अखेरीस. बँडमध्ये तेव्हा चार जण होते: बेस गिटार वाजवणारा रॉजर वॉटर्स, गिटारवादक व गायक डेव्हिड गिल्मर, कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट आणि ड्रम वाजवणारा निक मेसन. मेसनच्या लंडनमधल्या घरी झालेल्या बैठकीत वॉटर्सने माणसावर येणाऱ्या दडपणांवर गाणी करावीत असे सुचवले. वेळ, पैसा, प्रवास, मृत्यू, हिंसा आणि वेड अशी ती यादी होती. चौघेही तेव्हा तिशीच्या अलीकडेच होते. वॉटर्सने पुढे सांगितले आहे की आयुष्य अजून सुरू व्हायचे आहे, सध्या फक्त तयारी चालली आहे, या समजुतीत आपण कितीतरी वर्षे काढली हे त्याला त्या वयात एकाएकी जाणवले. मला वाटते, हा आल्बम त्या जाणिवेतूनच निघालेला आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ही गाणी आधी लोकांसमोर वाजवली गेली आणि मग मुद्रित झाली. जानेवारी 1972 मध्ये ब्रायटन इथल्या पहिल्या कार्यक्रमात यंत्रणा मध्येच बिघडल्याने ‘मनी’ या गाण्याशी प्रयोग थांबवावा लागला होता. पुढच्या काही महिन्यांत प्रयोगांमागून प्रयोग करत गाणी घासूनपुसून तयार झाली, आणि शेवट नीट होत नाही हे कळल्यावर वॉटर्सने ‘इक्लिप्स’ हे अखेरचे गाणे त्या दौऱ्यातच लिहून जोडले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले मुद्रण 1972च्या मध्यापासून 1973च्या सुरुवातीपर्यंत, इतर दौरे सांभाळत, तुकड्यातुकड्यांनी चालले होते.

चंद्राला काळी बाजू असते का?

नसते. या गैरसमजावरच आल्बमचे नाव उभे आहे, म्हणून तो आधी दूर केलेला बरा. चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी साधारण सव्वासत्तावीस दिवसांत पूर्ण करतो आणि स्वतःभोवतीची एक गिरकी घ्यायलाही त्याला तेवढेच दिवस लागतात. त्यामुळे त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे राहते. वटपौर्णिमेला वडाला प्रदक्षिणा घालणारी बाई डोळ्यांसमोर आणावी. प्रदक्षिणेत तिची उजवी बाजू सतत वडाकडे असते, डावी बाजू वडाला कधीच ‘दिसत’ नाही. पण ऊन मात्र फेरीत कधी एका बाजूवर पडते, कधी दुसऱ्या. चंद्राचेही तसेच आहे. आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवरही पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र असते. ती बाजू काळी नाही, फक्त आपल्यापासून लपलेली आहे. तिची पहिली छायाचित्रे सोव्हिएत संघाच्या ल्यूना 3 या यानाने ऑक्टोबर 1959 मध्ये पाठवली.

मग हे नाव कशासाठी? इंग्रजीत वेड्यासाठी वापरला जाणारा एक जुना शब्द चंद्राच्या लॅटिन नावावरून आला आहे, कारण चंद्राच्या कलांनी माणसाचे डोके फिरते अशी युरोपात समजूत होती. आपल्याकडेही पुरुषसूक्तात चंद्राचा जन्म मनापासून सांगितला आहे आणि ज्योतिषी चंद्राला मनाचा कारक मानतात, तेव्हा ही जोडणी मराठी वाचकाला परकी वाटू नये. चंद्राची काळी बाजू म्हणजे मनाचा तो भाग, जो लोकांना दिसत नाही. बँडचा अंतराळाशी संबंध असल्याची समजूत मात्र अगदीच निराधार नव्हती. त्यांची आधीची काही गाणी तशा विषयांवर होती आणि जुलै 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री बीबीसीच्या कार्यक्रमात हे चौघे प्रत्यक्ष वाजवत होते. चार वर्षांनी नावात चंद्र घेऊन त्यांनी जो आल्बम काढला, त्याचे पाय मात्र पूर्णपणे जमिनीवर होते.

जो माणूस तिथे नव्हता

हा आल्बम समजायचा तर सिड बॅरेट माहीत हवा. पिंक फ्लॉइडचा तो संस्थापकांपैकी एक, सुरुवातीचा मुख्य गायक आणि गीतकार. बँडचे नावही त्यानेच दोन अमेरिकन ब्लूज कलावंतांच्या नावांतून जुळवले होते. 1967 मध्ये बँडला पहिले यश मिळाले आणि त्याच वर्षी सिडचे मन ढासळू लागले. एलएसडी या अमली पदार्थाचे अतिसेवन, आकस्मिक प्रसिद्धी आणि बहुधा आधीपासून असलेला मानसिक नाजूकपणा यांतले नेमके काय कारणीभूत ठरले यावर आजही वाद आहेत. रंगमंचावर तो कधी गिटारच्या तारा सैल करत बसे, कधी एकच स्वर धरून उभा राहत असे. अखेर 1968 मध्ये तो बँडबाहेर गेला. गिल्मर हा त्याचा केंब्रिजमधला जुना मित्र होता आणि त्यानेच त्याची जागा घेतली.

मित्र जिवंत आहे पण आता तो आपला मित्र उरलेला नाही, हे दुःख या चौघांनी पाच वर्षे मनात बाळगले होते. दुसऱ्या बाजूवरच्या ‘ब्रेन डॅमेज’ या गाण्यात वॉटर्सने ते मोकळे केले. त्यात एक वेडा हिरवळीवर बसला आहे. इंग्लंडच्या बागांमध्ये ‘हिरवळीवर चालू नका’ अशा पाट्या असतात, आणि अशा सुंदर हिरवळीवर बसावेसे वाटणारा माणूस वेडा की तिथे बसू न देणारा, असा प्रश्न त्यामागे आहे. मग तोच वेडा घरात येतो आणि शेवटी गाणाऱ्याच्या डोक्यात. तू ज्या बँडमध्ये आहेस तो निराळेच सूर वाजवू लागला तर आपली भेट चंद्राच्या काळ्या बाजूला होईल, असे गाणारा त्या वेड्याला सांगतो. ही धमकी नाही. तू जिथे पोचलास तिथून मीही फार लांब नाही, असा तो दिलासा आहे, आणि आल्बमचे नाव त्याच ओळीतून आले आहे.

हृदयाच्या ठोक्यापासून ग्रहणापर्यंत

आल्बममध्ये दहा तुकडे आहेत. पहिला ‘स्पीक टू मी’ हा संगीत नाटकाच्या नांदीसारखा. हृदयाचे ठोके ऐकू येतात, जे प्रत्यक्षात ड्रमवर वाजवलेले आहेत, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या आवाजांचे, म्हणजे घड्याळे, नाणी, हसणे, किंकाळी यांचे तुकडे मिनिटभरात कानांवरून जातात. त्यातून उगवते ‘ब्रीद’. श्वास घे, जग, पण लक्षात ठेव की एक खड्डा खणून झाला की दुसरा खणायला लागायचे आहे, असा त्याचा आशय. ‘ऑन द रन’मध्ये शब्दच नाहीत. सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने कृत्रिम स्वर निर्माण करणारे यंत्र, त्यावर आठ स्वरांची एक ओळ भरून ती अतिशय वेगाने फिरवत ठेवली आहे. सोबत विमानतळावरची घोषणा, पळणारी पावले आणि शेवटी एक स्फोट. सततच्या दौऱ्यांतल्या विमानप्रवासाची राइटला वाटणारी धास्ती त्यामागे आहे. आजच्या कानाला हा तुकडा थोडा जुनाट वाटतो, हे मान्य करावे लागेल.

‘टाइम’ मात्र अजिबात जुनाट वाटत नाही. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स याने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेका घड्याळाची टिकटिक आणि टोले वेगवेगळे मुद्रित केले होते, तेही एका वेगळ्याच कामासाठी, चार दिशांतून ऐकू येणाऱ्या ध्वनियंत्रणेचे प्रात्यक्षिक म्हणून. ते सगळे टोले एकाच वेळी वाजतात आणि ऐकणारा दचकतो. त्यानंतर गाणे लगेच सुरू होत नाही. जवळपास दोन मिनिटे मेसनचे ड्रम अंतर ठेवून पडत राहतात. अधीर श्रोत्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मला ती चतुराई वाटते, कारण गाण्याचा विषयच वाट पाहण्यात गेलेला वेळ हा आहे. एक दिवस लक्षात येते की दहा वर्षे मागे पडली आणि शर्यत कधी सुरू झाली हे कुणी सांगितलेच नाही; मग माणूस सूर्याला गाठायला धावतो, आणि सूर्य तोपर्यंत फेरी मारून पुन्हा त्याच्या पाठीमागून उगवतो. परीक्षा झाली की, नोकरी लागली की, मुलांची शिक्षणे आटोपली की, असे म्हणत जगणाऱ्या कुणालाही हे समजून घ्यायला रॉक संगीताची आवड असावी लागत नाही.

पहिली बाजू संपते ती ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या तुकड्याने. विषय मृत्यू. राइटने पियानोवर रचलेल्या या तुकड्यात काय घालावे हे बराच काळ ठरत नव्हते. जानेवारी 1973 मध्ये, मुद्रण संपत आले असताना, पार्सन्सच्या सूचनेवरून क्लेअर टोरी या तरुण गायिकेला बोलावण्यात आले. शब्द नाहीत, चाल नाही, विषय मृत्यू आहे, एवढेच तिला सांगितले गेले. तिने सुरुवातीला काही नेहमीचे इंग्रजी उद्गार वापरले, तेही नकोत असे सांगितल्यावर तिने स्वतःला एक वाद्य मानून गायचे ठरवले. आपल्याकडच्या श्रोत्याला शब्दाविना गाणे नवे नाही. आलाप आपण लहानपणापासून ऐकतो. पण आलापात गायक रागाची चौकट सांभाळत एकेक पायरी चढतो. टोरीचा आवाज मात्र आधी आक्रोश करतो, भांडतो, मग थकत थकत मऊ होत जातो, आणि मरणाविषयी एकही शब्द न उच्चारता मरणाला नकार देण्यापासून ते स्वीकारण्यापर्यंतचा सगळा प्रवास काही मिनिटांत होतो. हे काम रविवारचे असल्याने तिला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे 30 पौंड मिळाले. आपले गाणे वापरणार नाहीत अशीच तिची समजूत होती. पुढे 2004 मध्ये तिने दावा लावला की चाल तिला कुणी दिलीच नव्हती, ती तिने गाता गाता रचली, तेव्हा ती सहरचनाकार ठरते. 2005 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या तुकड्याच्या रचनाकारांत राइटबरोबर टोरीचेही नाव छापले जाते. रचनेचा हक्क आणि मुद्रणाचा हक्क वेगळे का मानतात, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने समजणार नाही.

सात मात्रांचा पैसा

दुसरी बाजू सुरू होते ‘मनी’ने, आणि इथे जरा थांबायला हवे. बहुतेक रॉक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात असतात. ‘मनी’ सात मात्रांत आहे. आपल्याकडे सात मात्रा म्हटले की रूपक ताल आठवतो आणि त्यावर डोलायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. रूपकातले तीन-दोन-दोन असे विभाग आणि समेवरची खाली इथे नाहीत, त्यामुळे ऐकण्याचा अनुभव निराळा आहे. पण चार-चार मोजायची सवय लागलेल्या पाश्चात्त्य श्रोत्याला सातव्या मात्रेनंतर आठवीची वाट पाहताना पहिलीच येऊन आदळते आणि पाय अडखळतो. मधल्या गिटारच्या भागात गाणे सरळ चार मात्रांवर येते, तेव्हा घाटातून सपाट रस्त्याला लागल्यासारखे वाटते.

या गाण्याच्या आरंभी ऐकू येणारा नाण्यांचा खणखणाट कसा बनवला, हे आजच्या संगणकाच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. वॉटर्सची पत्नी मातीची भांडी बनवत असे. तिच्याकडच्या माती कालवायच्या मोठ्या भांड्यात त्याने नाणी टाकून आवाज मुद्रित केले. त्यात कागद फाडण्याचा आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा आवाज मिळवला. मग ध्वनिफितीचे सात तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले, एकमेकांना चिकटवले आणि शेवटाचे टोक सुरुवातीला जोडून त्याचे वेटोळे केले. पिठाच्या गिरणीत मोटार आणि जाते यांच्याभोवती पट्टा फिरतो, तसे हे फितीचे वेटोळे मुद्रणयंत्र आणि मायक्रोफोनचा उभा दांडा यांच्याभोवती ताणून फिरवत ठेवले. दर फेरीत तेच सात आवाज, त्याच अंतराने. वादकांनी त्या चक्रावर वाजवायला सुरुवात केली. पैसा माणसाला आपल्या तालावर नाचवतो, हे या गाण्याच्या कृतीतच होऊन गेले.

‘अस अँड देम’ची चाल राइटने आधी इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी यांच्या एका चित्रपटासाठी केली होती आणि ती तिथे नाकारली गेली होती. इथे तिच्यावर युद्धाचे शब्द आले: पाठीमागून हुकूम सुटतो आणि पुढची फळी मरते, सेनापती बसलेले असतात आणि नकाशावरच्या रेघा सरकत राहतात. वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, 1944 मध्ये, त्याचे वडील इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले होते. असे असूनही गाण्यात संताप नाही. डिक पॅरीचा सॅक्सोफोन संथपणे वाजत राहतो आणि शेवटी युद्धभूमी सोडून गाणे रस्त्यावर येते, जिथे चहा आणि पावाच्या तुकड्याच्या किमतीअभावी एक म्हातारा मरतो. ‘एनी कलर यू लाइक’ हा पुढचा शब्दविरहित तुकडा श्वास घ्यायला दिलेली जागा आहे, त्याहून अधिक नाही. मग ‘ब्रेन डॅमेज’, आणि त्याला जोडून ‘इक्लिप्स’. त्यात तुम्ही जे जे शिवता, पाहता, चाखता, देता, मागता त्या सगळ्याची यादी आहे. सूर्याखाली हे सारे सुरात आहे, पण सूर्यालाच चंद्राने झाकले आहे, असे म्हणून ती संपते. पुन्हा हृदयाचे ठोके येतात आणि विरतात.

हे नशेत ऐकायचे संगीत नाही का?

हा आक्षेप जुना आहे आणि या आल्बमच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी तो खरा करून दाखवला, हेही नाकारता येत नाही. पण तो बनवणाऱ्यांचे वर्णन वाचले तर चित्र वेगळे दिसते. मुद्रणाच्या मध्ये वॉटर्सला फुटबॉलचे सामने बघायचे असत, सगळ्यांना दूरदर्शनवरचा एक विनोदी कार्यक्रम चुकवायचा नसे, आणि ते गेले की पार्सन्स एकटा काम पुढे नेत असे. पट्टीने फीत मोजणारी माणसे तारेत असून चालत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नशेने एका मित्राचे काय केले हे त्यांनी जवळून पाहिले होते. वेडाकडे रम्य जागा म्हणून पाहण्याची त्या काळची फॅशन या आल्बममध्ये कुठेही सापडत नाही.

जुन्या चित्रपटाशी तो जुळतो म्हणतात, ते खरे का?

1990च्या दशकात अशी एक गोष्ट पसरली की 1939 सालचा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट आवाज बंद करून लावला आणि सोबत हा आल्बम सुरू केला, तर दोन्ही ठिकठिकाणी तंतोतंत जुळतात. बँडच्या सदस्यांनी आणि पार्सन्सनेही हे नाकारले आहे. आल्बम 43 मिनिटांचा, चित्रपट शंभर मिनिटांचा, आणि 1972च्या त्या स्टुडिओत चित्रपट पुन्हा पुन्हा लावून संगीत जुळवण्याची सोयच नव्हती. ढगांत हत्ती शोधायला बसले की हत्ती दिसतोच. न जुळलेल्या जागा कुणी मोजत नाही.

पैशावर टीका करून पैसाच मिळवला, हे ढोंग नव्हे का?

या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. ‘मनी’ हे गाणे अमेरिकेत तेराव्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याने बँडला श्रीमंत केले. आलेल्या पैशातला काही भाग त्यांनी ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळीच्या चित्रपटात गुंतवला, ही त्यातल्या त्यात गमतीची बाब. पुढे चौघांचे संबंध बिघडत गेले, 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि नावाच्या मालकीवरून वाद झाला. माझ्या मते गाणे नीट ऐकले तर त्यात उपदेश नाही. बोलणारा माणूस स्वतःच लोभी आहे, माझ्या वाट्याला हात लावू नका म्हणणारा, आणि त्याच्या तोंडून गाताना बँडने स्वतःला त्यातून वगळलेले नाही. 2024चा व्यवहार पाहता, वगळले नाही ते बरेच झाले.

इंग्रजी नीट कळत नसेल तर ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि त्याचा पुरावा नकळत वॉटर्सनेच दिला. 2023 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने हा आल्बम एकट्याने नव्याने मुद्रित केला. गिटारचे एकल भाग काढून टाकले आणि शब्दांवर, स्वतःच्या निरूपणावर भर दिला. शब्द सारे तिथे आहेत, शिवाय वाढवलेही आहेत, आणि तरी मूळ आल्बमचा जीव त्यात नाही. गिल्मरची ‘टाइम’मधली गिटार आणि टोरीचा आवाज जे सांगतात ते शब्दांच्या वाटेने येतच नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये वॉटर्सने मुंबईत हा आल्बम अथपासून इतिपर्यंत प्रत्यक्ष सादर केला, तेव्हा मात्र ते सगळे एकल भाग जागच्या जागी होते.

मुखपृष्ठावरचा त्रिकोण कशाचा?

हिप्नोसिस या संस्थेचे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी अनेक कल्पना बँडसमोर ठेवल्या, आणि जॉर्ज हार्डीने रेखाटलेले लोलकाचे, म्हणजे पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे करणाऱ्या त्रिकोणी काचेचे, हे चित्र चौघांनी क्षणात निवडले. आधीच्या मुखपृष्ठांवर छायाचित्रे असत; या वेळी काहीतरी साधे आणि नेटके हवे, असा राइटचा आग्रह होता. त्रिकोणाचा संबंध बँडच्या कार्यक्रमांतल्या प्रकाशयोजनेशीही लावतात आणि महत्त्वाकांक्षेशीही. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेल्यांनी त्या पट्ट्यातले रंग मोजून पाहावेत. ते सहाच आहेत. पारवा गायब आहे.

दारवानाचे वाक्य

आल्बमभर मधूनमधून काही माणसे बोलताना ऐकू येतात. ती कशी आली, हे मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवले आहे. वॉटर्सने कार्डांवर काही प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत जो सापडेल त्याला मायक्रोफोनसमोर एकट्याने बसवून ती कार्डे एकेक करून वाचायला आणि उत्तरे द्यायला सांगितली. सुरुवातीचे प्रश्न सोपे असत, मग पुढचे येत: तुम्ही शेवटचे हिंसक कधी झालात? तेव्हा तुमचे बरोबर होते का? मरणाची भीती वाटते का? शेजारच्या दालनात काम करणाऱ्या, पूर्वी ‘बीटल्स’मध्ये असलेल्या पॉल मकार्टनीलाही विचारले गेले, पण तो फार सावधपणे बोलला म्हणून त्याची उत्तरे वापरली नाहीत. वापरली ती सामान वाहणाऱ्या सहकाऱ्यांची, त्यांच्या बायकांची, आदल्या रात्रीच्या भांडणाबद्दल विचारल्यावर आपण प्यायलो होतो, आठवत नाही, असे सांगणाऱ्या एका गिटारवादकाची. वेडगळ हसण्याचा जो आवाज आरंभी आणि ‘ब्रेन डॅमेज’मध्ये येतो, तो बँडचा दौरा व्यवस्थापक पीटर वॉट्स याचा आहे; अभिनेत्री नेओमी वॉट्स ही त्याची मुलगी.

सर्वांत चांगली उत्तरे दिली ॲबी रोडच्या आयरिश दारवानाने. मरणाला आपण भीत नाही, कधीतरी जायचेच आहे, असे जे वाक्य ‘ग्रेट गिग’च्या आरंभी येते ते त्याचे. आणि आल्बमच्या अगदी अखेरीस, ठोके विरत असताना, चंद्राची काळी बाजू म्हणजे काय या कार्डावरच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर पुसटसे ऐकू येते: चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, खरे तर तो सगळाच काळा आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने तो चुकला नव्हता. चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम आठवा हिस्सा परत फेकतो, जवळपास जुन्या डांबरी रस्त्याइतका. दारवान त्यापुढेही एक वाक्य बोलला होता, की तो उजळ दिसतो तो केवळ सूर्यामुळे. ते वाक्य बँडने कापून टाकले.